जाळीवरचा पहिला चोंगा

त्या दिवशी जेवणं उरकून आम्ही दोघं चोंगे करायला बसलो. ती लाटायची, मी दाबायचो. आधी दोन्ही कामं तीच करायची, पण त्या वर्षी तिच्या मनगटात जोर राहिला नव्हता. गुळाच्या पाण्यात भिजवलेली कणीक घट्ट असते. पुरीएवढी लाटून लाकडी साच्यावर ठेवायची, वरून तळहातानं दाबायची, म्हणजे नक्षी उठते. मी जन्मभर कांद्याच्या गोण्या वाहिल्या. माझ्या हाताला हळू दाबणं माहीत नाही.

"गोण न्हवं ती," ती म्हणाली. "अलगद. तिला काय ट्रकात चढवायचीय?"

"मग तूच दाब."

"दाबली असती, हात देतोय का. शिका आता. म्हातारपणी उपयोगी पडंल."

"म्हातारपण अजून यायचंय व्हय?"

"तुमचं न्हाय आलं. माझं आलं."

एक चोंगा माझ्या हातून तिरका उठला, नक्षीवर नक्षी बसली. तिनं तो खिडकीच्या उजेडात धरून बघितला, हसली, आणि कच्चाच मोडून अर्धा माझ्या तोंडात घातला, अर्धा तिच्या. गुळामुळं कच्ची कणीकही गोड लागते. मग धुतलेल्या धोतरावर सगळे चोंगे मांडून ती म्हणाली, "वारं लागू द्या त्यास्नी. ओले तळले की फुगतात आन नक्षी जाती. मी जरा पडते. चहाला उठवा." आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

चहाला मी हाक मारली. ती उठली नाही.

हे आधीच सांगून टाकलं, कारण मला गोष्ट लांबवता येत नाही. आता चोंग्याचं सांगतो.

माझं गाव साताऱ्याकडचं, डोंगरातलं. तिचं माहेर त्याच्याही पुढं, एका जुन्या शहरात. शहराचं नाव लिहीत नाही, तिथं अजून माणसं राहतात. चार वेशी, मधोमध हौद, हौदाभोवती दगडी कमानी आणि कमानींखाली बाजार. कुठल्यातरी सुलतानाच्या वेळचं. मला इतिहास येत नाही, मी चौथीत शाळा सोडली. मी ते शहर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मनात एवढंच आलं, की हे काळे दगड एवढ्या वर कुणीतरी पाठीवर घालून नेले असणार. राजाचं नाव वेशीवर कोरलेलं होतं. हमालांची नावं कुणी कोरत नाही. पण वेस बघितली की मला आपलं हमालच आठवायचे.

हौदाच्या पलीकडं पिराची घुमटी होती. तिच्या मावळतीच्या खिडकीला दगडात कोरलेली जाळी होती. आठ टोकांची चांदणी, चांदण्यांच्या मधे सहा पाकळ्यांचं फूल, अशी ओळीनं. लग्नानंतर पहिल्या मोहरमाला मला जावई म्हणून तिथं नेलं. तिकडं मोहरम हिंदूंच्या घरीही पाळतात, पंजे उचलतात, पिराला गोड चोंगे ठेवतात. तिच्या बापाचं घर सुतारांचं, आणि त्या घराला एक मान होता. पहिला चोंगा त्यांच्या घरच्या बाईनं करायचा, तोही लाकडावर नाही. त्या जाळीची सगळ्यात खालची चौकट आरपार कोरलेली नव्हती, तिच्यात नुसती खोलगट नक्षी होती. कणकेची पुरी त्या दगडावर दाबायची, नक्षी उचलायची, आणि तो चोंगा पिराची सेवा बघणाऱ्या मुजावराच्या घरी तळायचा. पीठ सुतारांचं, तूप मुजावरांचं. अर्धा पिराला, अर्धा दोन्ही घरांत वाटून.

पिढ्यान्‌पिढ्या पीठ आणि तूप लागून ती चौकट काळीभोर आणि गुळगुळीत झाली होती. बाकीच्या जाळीवर धूळ, ही तेवढी चमकायची.

"एवढीच का आरपार न्हाय कोरली?" मी तिला विचारलं होतं.

"आमच्यासाठी ठेवली."

"कारागीर कंटाळला असंल."

"तुमच्यासारखा न्हवता तो," ती म्हणाली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि जीभ ही अशी.

संध्याकाळचं ऊन जाळीतून आत आलं की सगळ्या चांदण्या फरशीवर पडायच्या. ती पुरी घेऊन वाकली होती, तिच्या पदरावर, गालावर चांदण्या. ती पुढं सगळ्यांना सांगायची, आमचे हे बायकोकडं बघायचं सोडून फरशीकडं बघत बसले. ते खोटं आहे. मी तिच्याकडंच बघत होतो. तिला कधी सांगितलं नाही, वाटलं, सांगायला काय, आयुष्य पडलंय.

पुढं मी मुंबईत हमालीला आलो. बाजार खाडीपलीकडं तुर्भ्याला हलला तसे आम्हीही हललो आणि कोपरखैरण्यात खोली मिळाली. तेव्हा इथं सगळं नवं होतं. रस्ते नवे, खांब नवे, झाडं माणसाच्या गुडघ्याएवढी. तिला करमायचं नाही. म्हणायची, "हितं काईच जुनं न्हाय. काळजी वाटती. जे जुनं न्हाय ते टिकंल का न्हाय कुणाला ठावं." मी म्हणायचो, सिमेंट आहे, टिकंल. ती भिंतीवरून हात फिरवायची आणि हाताला पांढरं लागलेलं मला दाखवायची.

दर मोहरमाला माहेरी जाणं जमेना. मग पहिला चोंगा तिची भावजय दगडावर करायची, आणि ही इथं साच्यावर चोंगे करून डबा पाठवायची. साचा तिच्या आज्यानं कोरलेला. त्यानं त्याच चौकटीवर कणीक दाबली, ती वाळवली, आणि ती समोर ठेवून शिसवीत नक्षी उतरवली. त्यांच्या घरात चालतच आलेलं होतं ते. साचा झिजला, की पुन्हा दगडावरून पिठाचा ठसा उचलायचा आणि नवा कोरायचा. साच्याला पाणी लावायचं नाही, नुसता कोरड्या फडक्यानं पुसायचा. डबा न्यायला आमच्या बाजारात तिच्या गावाकडचे ट्रक यायचे. कांदा उतरवून रिकामे परत जायचे. ड्रायव्हर लोक डबा ओळखायचे. वहिनींचा डबा, असं म्हणून सीटमागं ठेवायचे आणि तिच्या भावाच्या दुकानावर उतरवायचे.

मग तो हिवाळा आला. लांब उत्तरेत ती मशीद पाडली त्या दिवशी आमच्या चाळीत कुणीतरी पेढे वाटले. हिनं घेतला नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "घ्या की, आपल्याच आनंदाचा हाय." ही म्हणाली, "माझे दात दुखत्यात." तिचे दात शेवटपर्यंत चांगले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिचा भाऊ आला. न सांगता आला. सुतारकी करणारा, धाकटा, हिच्या कडेवर वाढलेला. उंबऱ्याजवळच बसला.

"वेस गेली, आक्का," म्हणाला.

"गेली म्हंजे?"

"आदी वरची अक्षरं छिन्नीनं उडवली. मग कमानीला दोर बांधून ट्रकानं वढली. दुसऱ्या दिवशी हौदाकडं आले. कमानी पाडल्या, दगड हौदात ढकलले."

"पीर?"

"पीर बी."

"जाळी?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

मी विचारलं, "कोण होते?"

"डोक्याला पट्ट्या बांधलेले. निम्मे भायेरचे, ट्रकातनं आलेले. निम्मे आपल्याच पेठेतले, दाजी. नावानं वळखतो मी. मुजावरानं त्याच रात्री घर सोडलं. ते पट्टीवाले माझ्या दुकानावर आले, म्हणाले पहार दे."

"दिलीस?" हिनं विचारलं.

"न देऊन काय करतो? घरात बायकापोरं."

ती भांडली नाही. उठली, त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि चहा मोरीत ओतला. भाऊ आला की दोन दिवस राहा म्हणून पाय धरणारी बाई, त्या दिवशी राहा म्हणाली नाही. तो संध्याकाळच्या गाडीनं गेला.

मला लोक विचारतात, तुमचं काय गेलं त्यात? माझं काही गेलं नाही. मी त्या शहरातला नाही, त्या पिराचा नाही. पण बायको माहेरचं बोलायची बंद झाली. आधी भाजी निवडताना, केस विंचरताना, हौदात पोहायला शिकलेलं, कमानीखाली बांगड्या भरलेलं, काही ना काही निघायचं. मी ऐकतच नसायचो, हं हं करायचो. ते बंद झाल्यावर खोलीत एवढी शांतता झाली, की मीच विचारायला लागलो, अगं त्या हौदाला पायऱ्या किती बाजूंनी होत्या? ती म्हणायची, "आता कशाला." पाडणाऱ्यांनी दगड पाडले असं त्यांना वाटतं. माझ्या घरातलं बोलणं पाडलं त्यांनी.

पुढच्या मोहरमाला मात्र तिनं साचा काढला.

"कुठं पाठवणार?" मी म्हणालो. "काय ऱ्हायलंय तिथं?"

"जाळी न्हाय. जागा तर हाय. पयला चोंगा आमच्या घरचा असतो. कुणीतरी ठेवाय पायजे."

डबा ट्रकानं गेला आणि आठवड्यानं तसाच परत आला. झाकणावरची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. गाठ माझीच होती, गोणीला मारतात तसली, ती मी ओळखतो. ड्रायव्हर म्हणाला, मेव्हणं म्हणाले, न्हाय जमत. तिनं ते चोंगे कुणाला दिले नाहीत. दिवाळे गावाजवळच्या खाडीवर गेली आणि पाण्यात सोडले, ताबूत सोडतात तसे. मासे वाळत घालणाऱ्या कोळणी बघत होत्या. एक म्हणाली, "आवशे, मावऱ्याला गोर घातलास व्हय?" माशांना गोड घातलंस का, असं. ही पहिल्यांदाच हसली त्या वर्षात.

त्याच्या पुढच्या वर्षी डबा रिकामा आला. सुतळी सोडलेली, आत तेलाचे डाग. तिनं डबा उताणा करून बघितला, पालथा करून बघितला. मला फोनच्या दुकानात घेऊन गेली आणि भावाला फोन लावायला लावला. काय बोलली माहीत नाही, मी बाहेर उभा होतो. परत येताना म्हणाली, "ठेवले त्यानं. बारकं सुदारलं." त्या रात्री तिनं मला न विचारता सांगितलं, की हौदाला तीन बाजूंनी पायऱ्या होत्या, आणि चौथ्या बाजूनं पोरी उड्या मारायच्या.

आणि हे तिसरं वर्ष, सुरुवातीला सांगितलं ते.

डॉक्टर येऊन गेला. उरणला दिलेली लेक बसनं आली, तोवर चाळीतल्या माणसांनी सगळं केलं होतं. अंधार पडता पडता खाडीकडच्या स्मशानात मी अग्नी दिला. घरी आलो तर शेजारच्या वहिनींनी रीतीप्रमाणं घरातलं पाणी ओतून टाकलं होतं, सकाळची भाजीभाकरी टाकली होती. ती पडली होती त्या जागी पीठ पसरून दिवा लावला होता. त्या पिठात पाऊल उमटतं म्हणतात. ते पीठ तिनंच चोंग्यांसाठी चाळून ठेवलेलं, त्यातलं उरलेलं. वहिनी धोतरावरचे चोंगे गोळा करायला लागल्या.

"ते ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो.

"भाऊजी, घरातलं टाकायचं असतं."

"शिजलेलं टाकायचं असतं. हे कच्चं हाय."

त्यांनी लेकीकडं बघितलं. लेकीनं मान हलवली, राहू द्या म्हणून. वर एक धोतर पांघरलं आणि आम्ही बसून राहिलो.

सकाळी उजाडताना तिचा भाऊ आला. रात्रभर एसटीत उभा राहून आलेला. दारातच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. लेकीनं पाणी दिलं. जरा शांत झाल्यावर त्याचं लक्ष त्या धोतराकडं गेलं. मी ते काढलं. त्यानं एक चोंगा उचलला, उजेडात धरला, अंगठा फिरवला. अगदी तिच्यासारखा.

"हे कुणी दाबलं?"

"मी."

"साचा तर झिजलाय. लई खोल उठलंय, दाजी."

"गोणी उचलणारा हात हाय."

त्यानं चोंगा परत जागेवर ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "गेल्या वर्साला मी ठेवले न्हवते. पोरांस्नी वाटले. डबा रिकामा पाठवला, आक्काला बरं वाटंल म्हणून. त्या जागेवर माझं पाऊल पडत न्हाय. माझी पहार हुती ती."

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या रिकाम्या डब्यामुळं तिनं हौदाच्या पायऱ्या सांगितल्या होत्या.

"बरं झालं तिला न्हाय सांगितलंस," मी म्हणालो, आणि उठून स्टोव्ह पेटवला. कढई ठेवली.

लेक धावत आली. "आबा, काय करताय? सुतकात कढई ठेवत न्हाईत. बारा दिवस तळण न्हाय घरात."

"आज मोहरमची शेवटची, कत्तलची रात्र हाय. आज न्हाय गेलं तर कधी जाणार?"

"कुठं जाणार?"

"तुझ्या आईच्या पिराला."

"सुतकात पिराला शिवायचं न्हाय, दाजी," भाऊ म्हणाला.

"तिथं पीर कुठं ठेवलाय तुमी? मोकळी जागा हाय. मोकळ्या जागेला सुतक कसलं?"

माझं बोलणं असंच आहे, लोकांच्या तोंडावर आदळतं. ती असती तर म्हणाली असती, अलगद.

पहिला चोंगा तेलात टाकला तो टाकल्याबरोबर काळा पडला. दुसराही. मला तळणं येत नव्हतं, ते तिचं काम. तिसरा हातात घेतला तसा भाऊ उठून आला. स्टोव्हची हवा थोडी सोडली, म्हणाला, "विस्तव बारीक ठेवा. आई असंच करायची." मग तो सोडत गेला आणि मी झाऱ्यानं काढत गेलो. एकही फुगला नाही. रातभर वारं लागलं होतं. चांदण्या, फुलं, सगळं जागच्या जागी उठलं. लेक दाराशी उभी राहून बघत होती, मग तीच डबा घेऊन आली. एक चोंगा भावानं कच्चाच बाजूला ठेवला, आपल्या रुमालात गुंडाळला. कशाला म्हणून मी विचारलं नाही, साचा झिजलाय हे त्यानंच सांगितलं होतं.

"उद्या सावडायचं हाय, आबा," लेक म्हणाली. "तुमी न्हाय आलात तर?"

"सकाळच्या आत येतो. ट्रक जातात तसे येतात."

"मी येऊ का बरोबर?" तिनं विचारलं.

मी भावाकडं बघितलं. तो दिव्याकडं बघत होता. "मी हितं बसतो," म्हणाला. "दिवा इझू देत न्हाय. तुमी जाऊन या, दाजी. हौदाच्या पलीकडं बोरीचं झाड उगवलंय. त्याच्या बुडाशी. तिथंच खिडकी हुती."

मी साचा फडक्यानं पुसला. चांदण्यांच्या कोपऱ्यांत पीठ राहिलं होतं, ते काडीनं काढलं. पाणी लावलं नाही. फळीवर ठेवला, डब्याला सुतळी बांधली आणि बाजाराकडं चालत निघालो.

गेटाजवळ तिच्या गावाकडचा ट्रक कांदा उतरवून उभा होता. ड्रायव्हरनं मला लांबूनच बघितलं आणि नेहमीसारखा खिडकीतून हात बाहेर काढला.

"द्या. वहिनींचा डबा. वाटच बघत हुतो. बऱ्या हायत न्हवं?"

मी डबा दिला नाही. दुसऱ्या बाजूनं जाऊन दार उघडलं, वर चढलो आणि डबा मांडीवर घेऊन बसलो.

"आज डब्याबरोबर माणूस बी?" तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो. "आज मीच ठेवणार हाय."